विश्लेषण : ब्लेडची काळजी, रेझरकडे दुर्लक्ष! दाढीनंतर काय धुवावे, काय पुसू नये?

दाढी झाली, तोंड धुतले, की रेझर नळाखाली धरायचा, बेसिनच्या कडेवर दोनदा आपटायचा आणि साबणाशेजारी आडवा टाकायचा, हा बहुतेक घरांतला शिरस्ता. थोडी काटेकोर मंडळी ब्लेड बाहेर काढतात, टॉवेलच्या कोपऱ्याने पुसतात आणि त्याच्याच कागदात गुंडाळून ठेवतात. पहिली सवय रेझर खाते. दुसरी ब्लेडची धार घालवते आणि कधीतरी बोटही कापते. दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे : जपायची वस्तू म्हणजे ब्लेड, रेझर काय, नुसता दांडा. प्रत्यक्षात ब्लेड पाच-सात दाढ्यांनंतर टाकायचेच असते. वर्षानुवर्षे टिकायला हवा तो रेझर, आणि ओलाव्याने आधी जातो तोही रेझरच.

जुना रेझर परत का आला?

सेफ्टी रेझर म्हणजे दोन्ही बाजूंनी धार असलेले ब्लेड वरचे झाकण आणि खालची पट्टी यांच्यामध्ये दाबून धरणारे, जुन्या घाटाचे साधे यंत्र. मध्यंतरी कार्ट्रिजच्या रेझरने त्याला मागे ढकलले. आता तो पुन्हा तरुणांच्या हातात दिसतो. कार्ट्रिजची पाकिटे महाग झाली, एका कार्ट्रिजमध्ये प्लास्टिक, रबर आणि पोलाद असे एकत्र जखडलेले असते की ते भंगारवालाही घेत नाही, आणि अनेक पात्यांच्या कार्ट्रिजने काहींच्या मानेवर पुळ्या येतात. दुधारी ब्लेड मात्र आजही किराणा दुकानात काही रुपयांना मिळते. भारतात हा धंदा मोठा आहे. सुपरमॅक्स हे ब्लेडचे नाव तर अनेक दशके ठाण्यातल्या कारखान्यांशी जोडलेले होते.

पण रेझर परत आला, तरी तो वापरायची रीत त्याच्यासोबत आली नाही. कार्ट्रिजच्या काळात वाढलेल्या पिढीला रेझर उघडून धुवायचा असतो हेच ठाऊक नाही. ज्यांना घरच्या वडीलधाऱ्यांनी काही शिकवले, त्यांना जी रीत मिळाली ती वेगळ्याच धातूच्या ब्लेडसाठी होती.

ब्लेड पुसण्याची सवय आली कुठून?

किंग कॅम्प जिलेट यांना त्यांच्या रेझरचे अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये मिळाले. विक्री त्याआधी वर्षभर सुरू झाली होती आणि पहिल्या वर्षी, म्हणजे १९०३ मध्ये, ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपल्याचे सांगितले जाते. जिलेट यांची कल्पना फेकून देण्याजोग्या पात्याची होती. पण कागदासारख्या पातळ पोलादाला धार लावता येईल यावर तेव्हाच्या जाणकारांचा विश्वास नव्हता. ते काम विल्यम निकर्सन या अभियंत्याने करून दाखवले.

हे ब्लेड कार्बन पोलादाचे होते. धार उत्तम, पण गंजायला एक रात्र पुरे. रात्रभर ओले राहिले की सकाळी कडेवर तांबूस ठिपके. म्हणून दाढी झाली की ब्लेड काढायचे, कोरडे करायचे, जमल्यास तेलाचे बोट फिरवायचे. आपल्याकडे कित्येक घरांत वापरलेले ब्लेड काचेच्या ग्लासाच्या आतल्या बाजूला बोटाने दाबून घासले जाई आणि त्यातून आणखी चार दाढ्या निघत. मऊसर कार्बन पोलादाच्या बाबतीत या सगळ्याला अर्थ होता.

गंजरोधक पोलादाचा शोध शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांच्या नावावर, १९१३ चा. पण त्या पोलादाचे दाढीचे ब्लेड लोकांच्या हातात यायला जवळजवळ अर्धे शतक गेले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेस ब्लेड आणले, ते इतके टिकले की जिलेटला धावपळ करून आपले स्टेनलेस ब्लेड काढावे लागले. आज बाजारातले जवळपास प्रत्येक ब्लेड साधारण १३ टक्के क्रोमियम असलेल्या पोलादाचे असते. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर एक अदृश्य थर धरते आणि गंजाला वाट देत नाही. शिवाय बहुतेक ब्लेडच्या धारेवर अतिपातळ लेप असतो. त्यात टेफ्लॉनच्या जातीचा एक थर असतो. त्यामुळे ब्लेड गालावर न ओढता सरकते.

हा लेप पुसण्यासाठी नाही. नवे ब्लेड कागदातून काढताना त्यावर मेणाचे बारीक ठिपके दिसतात. अनेकांना तो कारखान्यातला मळ वाटतो. वास्तविक ते ठिपके ब्लेडला कागदाच्या घडीत जागच्या जागी धरतात, म्हणजे धार कागदाला घासत नाही. बनवणारा जी धार कागदालाही लागू देत नाही, तिच्यावरून आपण रोज सकाळी टॉवेल ओढतो. ब्लेड बदलले, पोलाद बदलले, सवय मात्र साठ वर्षे मागे राहिली.

मग ब्लेड बोथट कशाने होते?

दाढीचा केस पोलादाच्या तुलनेत कितीतरी मऊ, सुमारे पन्नास पटींनी. तरी तो धार मारतो, हे कोडे बरेच दिवस होते. धार झिजून गोल होते, असे धरून चालत. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील जियानलुका रोशिओली, जेम ताशान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. त्यांचा शोधनिबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. रोशिओली यांनी सुरुवात अगदी घरगुती केली : स्वतःची दाढी करायची आणि प्रत्येक दाढीनंतर पाते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. धार फारशी गोल झालेली दिसली नाही. तिचे टवके उडालेले दिसले.

पुढे त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या आतच केस कापणारे छोटे यंत्र बसवले. केस पात्याला काटकोनात भिडला की सहसा काही होत नाही. तो वाकला आणि तिरका भिडला, आणि नेमका अशा जागी भिडला जिथे पोलादाची आतली घडण एकसारखी नाही, तर तिथून बारीक कपची निघते. एक कपची निघाली की शेजारची जागा उघडी पडते. धार बोथट होते ती अशी, टवक्याटवक्याने.

या निष्कर्षातून दोन गोष्टी निघतात. एक, उडालेला टवका घासून परत बसत नाही. त्यामुळे जीन्सच्या कापडावर ब्लेड फिरवून ‘धार लावणे’ किंवा काचेच्या ग्लासाचा जुना उपाय, यावर आजच्या ब्लेडच्या बाबतीत फार भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. दुसरी, ब्लेडचे आयुष्य वाढवायचे तर दाढीनंतरच्या पुसापुशीपेक्षा दाढीआधीची तयारी अधिक कामाची. गरम पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजलेला केस फुगतो, मऊ होतो आणि सहज कापला जातो. दाढी आंघोळीनंतर करावी, असे जे सांगतात ते याचसाठी.

ओलाव्याचा धारेला काहीच त्रास नाही असे मात्र नाही. स्टेनलेस म्हणजे डागच नाही, असा अर्थ कुणी घेऊ नये. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड तो क्रोमियमचा थर जागोजागी भेदते आणि सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडते. पण घरगुती वापरात ब्लेड इतक्या लवकर बदलायचे असते की बहुतेक ठिकाणी ही वेळ येण्याआधीच त्याचा निरोपाचा दिवस येतो.

खरे नुकसान कुठे होते?

रेझरच्या डोक्यात. मध्यम किमतीचे बहुतेक रेझर आज झमॅक नावाच्या मिश्रधातूचे असतात. हे मुख्यतः जस्त, त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम आणि थोडे तांबे, मॅग्नेशियम. हा धातू चारशे अंश सेल्सियसच्याही खाली वितळतो, साच्यात दाबाने ओतता येतो, बारीक नक्षीसुद्धा स्वच्छ उठते. म्हणून स्वस्त पडतो. वरून क्रोमचा मुलामा दिला की पोलादापेक्षा चकचकीत दिसतो. जुने रेझर पितळेचे असत. त्यांचा मुलामा गेला तरी खालचे पितळ फक्त काळवंडे. जस्ताचे तसे नाही.

मुलाम्याला कुठेतरी बारीक छिद्र पडले, आट्यांच्या टोकाशी तो घासला गेला, की तिथून पाणी आत शिरते. शेजारी क्रोम आणि स्टेनलेस ब्लेड, मध्ये साबणाचे क्षारयुक्त पाणी आणि आत जस्त, म्हणजे चिमुकली विजेची बॅटरीच तयार झाली. अशा जोडीत जस्त नेहमी हरते. लोखंडी पत्र्याला जस्त चढवून आपण पत्रा वाचवतो तो याच गुणामुळे. इथे मात्र ब्लेड वाचते आणि रेझर झिजतो. आधी मुलाम्याखाली फोड आल्यासारखे दिसते, मग पांढरी भुकटी, मग खड्डा. ब्लेड रोज पुसणाऱ्याचे ब्लेड लखलखीत आणि रेझर कुजलेला, असे चित्र दिसते ते यामुळे.

दुसरा प्रकार फटीचा. झाकण आणि ब्लेड यांच्यामधली जागा इतकी अरुंद की पाणी तिथे आपोआप ओढले जाते आणि आपोआप बाहेर येत नाही. बाहेरून रेझर कोरडा, आत पाण्याचा पातळ पापुद्रा तसाच. त्याच फटीत केसांचे बारीक तुकडे, त्वचेचा मळ आणि फेस अडकतो. पाणी जड असेल, तर त्यातले कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट पांढरा थर धरते. हा थर नुसत्या पाण्याने जात नाही आणि सुकल्यावर चुन्यासारखा घट्ट होतो. ब्लेड त्यावर सपाट बसत नाही, एका बाजूला केसभर अधिक बाहेर येते, आणि माणूस म्हणतो, ‘या वेळचे ब्लेडच खराब निघाले.’

महाराष्ट्रात पाणी गावागणिक वेगळे. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणी क्षारांनी भरलेले. शहरांच्या कडेला वाढलेल्या सोसायट्यांत बोअरचे आणि टँकरचे पाणी. नळाच्या तोटीवर पांढरे कडे धरत असेल, तर रेझरच्या पोटातही तेच धरते आहे असे समजायला हरकत नाही. कोकणात आणि गोव्यात प्रश्न निराळा : पाणी बऱ्याचदा मऊ, पण पावसाळ्याचे चार महिने हवाच इतकी ओली की बाथरूममध्ये ठेवलेला रेझर दुसऱ्या दाढीपर्यंत सुकतच नाही.

दाढीनंतर दोन मिनिटांत काय करावे?

दाढी चालू असतानाच रेझर दर दोन-तीन ओढींनंतर पाण्यात हलवून धुवावा. मग केस आणि फेस आत घट्ट बसत नाहीत आणि शेवटचे काम निम्म्यावर येते. दाढी संपली की दांडा अर्धा फेरा सैल करावा. ब्लेड बाहेर काढायची गरज नाही. नुसती फट उघडली पाहिजे. आता दोन्ही बाजूंनी, मागून पुढे, जोराचे पाणी सोडावे. शेवटचे पाणी गरम असेल तर उत्तम, कारण तापलेला धातू स्वतःच्या उष्णतेने लवकर सुकतो. चटका बसेल इतके कढत पाणी घेण्याचे कारण नाही.

मग रेझर दांड्याला घट्ट धरून मनगटाने दोन-चार झटके द्यावेत. बेसिनवर आपटू नये. झमॅकच्या रेझरमध्ये झाकणाची आट्यांची खुंटी हा सर्वांत नाजूक भाग. ती एकदा तुटली की जोडता येत नाही आणि बहुतेक रेझर त्या एका तुकड्यापायी भंगारात जातात. झटकून झाल्यावर बाहेरचा भाग, म्हणजे दांडा, झाकणाची पाठ आणि पट्टीच्या दोन्ही टोकांकडची बाजू, टॉवेलने खुशाल पुसावी. धारेकडे जाऊ नये. धारेलगतचे पाणी घ्यायचेच असेल तर घडी घातलेल्या मऊ कापडावर रेझर हलकेच टेकवून टिपून घ्यावे. टिपणे आणि पुसणे यांत मराठीत जो फरक आहे तोच इथे महत्त्वाचा. पुसताना कापड धारेवरून ओढले जाते, टिपताना नुसते टेकते.

घरात लहान मूल नसेल तर रेझर तसाच किंचित सैल ठेवून सुकू द्यावा, दाढीच्या वेळी पुन्हा आवळावा. मूल असेल तर आवळूनच आणि उंचावर. उभा ठेवावा की डोके खाली करून टांगावा यावर हौशी लोक तासन्‌तास वाद घालतात. या वादात फारसे पाणी नाही. डोके वर असले तर ओघळ आट्यांकडे येतो, खाली असले तर धारेकडे. चांगले झटकून घेतले असेल तर दोन्हींनी बिघडत नाही. रेझरच्या चारही बाजूंनी वारा फिरला पाहिजे, एवढे पुरे. साबणदाणी, बंद कपाट, प्लास्टिकची टोपी आणि ओल्या ब्रशसोबत एकाच पेल्यात खुपसणे, हे सगळे त्या दृष्टीने वाईट. पावसाळ्यात तर रेझर बाथरूमबाहेरच राहावा. खोलीतल्या पंख्याचा वारा लागेल अशा फळीवर ठेवला की तासाभरात कोरडा होतो.

आठवड्यातून एकदा, किंवा ब्लेड बदलताना, रेझर पूर्ण उघडावा. ब्लेड नेहमी आखूड बाजूंना धरून उचलावे, तिथे धार नसते. सुटे भाग कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवरूप साबणाचा एक थेंब टाकून दहा मिनिटे ठेवावेत आणि जुन्या मऊ टूथब्रशने घासावेत. पट्टीच्या भोकांत, झाकणाच्या आतल्या कडेला आणि दांड्याच्या आट्यांत मळ सर्वाधिक. खळखळून धुवावे, कापडावर पसरून पूर्ण सुकू द्यावे, मगच जोडावे. आटे करकरत असतील तर शिवणयंत्राच्या तेलाचा एखादा थेंब चालतो. फुलासारखी दोन झाकणे उघडणारा रेझर मात्र खोलायच्या फंदात पडू नये. त्याची आतली कळ पुन्हा बसवणे घरी जमत नाही; तो उघडा ठेवून गरम पाण्याने धुवावा, झटकावा आणि उघडाच सुकवावा.

स्पिरिटमध्ये रेझर बुडवून काढणारेही आहेत. ७० टक्के अल्कोहोल पाण्याला सोबत घेऊन उडून जाते, त्यामुळे फट लवकर सुकते हे खरे. एकाच माणसाच्या रेझरला रोज याची गरज नाही. कोकणातल्या जुलैत करायला हरकत नाही. शेजारी मेणबत्ती किंवा गॅस पेटलेला नसावा.

कोणते घरगुती उपाय टाळावेत?

व्हिनेगर आणि लिंबू, हे आधी. आम्लाने चुन्याचा थर विरघळतो, म्हणून हा उपाय सर्रास सांगितला जातो. पितळेच्या किंवा स्टेनलेस रेझरला तो थोडा वेळ चालतो. झमॅकचा रेझर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवणे म्हणजे जस्त विरघळवण्याचा शाळेतला प्रयोग घरी करणे. फरशी पुसायचे ब्लीच तर कुठल्याच रेझरला लावू नये. त्यातले क्लोरीन स्टेनलेसलाही खाते. भांड्यांची तारेची घासणी आणि राख मुलाम्यावर ओरखडे पाडतात, आणि प्रत्येक ओरखडा पाण्याला नवी वाट.

तुरटीचे कुणी सहसा सांगत नाही. दाढीनंतर गालावर तुरटी फिरवणे आपल्याकडे जुने आणि चांगले आहे, पण तुरटीचे पाणी आम्लधर्मी असते. ओली तुरटी आणि रेझर एकाच ताटलीत ठेवले की ते पाणी तासन्‌तास रेझरच्या मुलाम्याला लागून राहते. तुरटीला वेगळी जागा द्यावी आणि तुरटीच्या हाताने रेझर धरला असेल तर दांडाही धुवावा.

कातडीचे काय?

इथवरचा हिशेब पैशांचा होता. त्वचेचा हिशेब याहून गंभीर आहे. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या ‘अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी’ या संघटनेचा सल्ला असा : दाढी करताना प्रत्येक ओढीनंतर पाते धुवावे, पाच ते सात दाढ्यांनंतर बदलावे आणि दोन दाढ्यांच्या मधल्या काळात रेझर पूर्ण सुकू द्यावा, ओल्या बेसिनवर किंवा शॉवरखाली ठेवू नये. कारण जंतूंची वाढ. दाढी म्हणजे त्वचेवर शेकडो अदृश्य ओरखडे. स्टॅफिलोकोकससारखे जंतू निरोगी माणसाच्या कातडीवरही असतात. ओल्या फटीत मेद, मळ आणि ऊब मिळाली की ते टिकतात आणि पुढच्या दाढीला त्या ओरखड्यांतून आत जातात. केसांच्या मुळाशी येणाऱ्या पुळ्यांना लोक ‘ब्लेड लागले’ म्हणतात. त्यातल्या काहींचे मूळ न सुकलेल्या रेझरमध्ये असते. मधुमेह असलेल्यांना अशा पुळ्या साध्या वाटल्या तरी चिघळायला वेळ लागत नाही, आणि मधुमेही आज घरोघरी आहेत.

धुण्या-सुकवण्याची एक मर्यादाही सांगायला हवी. कितीही स्वच्छ केलेला रेझर दुसऱ्याला देण्याजोगा होत नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्ताच्या डागातही, किमान सात दिवस संसर्ग देऊ शकतो. डोळ्यांना न दिसणारा डाग त्याला पुरतो. गरम पाणी, साबण, स्पिरिटचा एक थेंब यांवर भिस्त ठेवून बापलेकांनी एकच रेझर वापरणे, हॉस्टेलमध्ये खोलीतल्या मित्राचा उचलणे, लग्नाच्या गर्दीत पाहुण्याला काढून देणे, हे बंद व्हायला हवे. चामखिळीही रेझरने एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात, आणि एकाच गालावर इकडून तिकडेही.

सलूनमध्ये ग्राहक ‘नवे ब्लेड लावा’ एवढे सांगून निर्धास्त होतो. कारागीर समोरच ब्लेड मधोमध मोडतो, अर्धे उस्तऱ्यात बसवतो. ते योग्यच. पण ज्या खाचेत ते बसते ती खाच मागच्या ग्राहकानंतर धुतली का, हे कुणी विचारत नाही. घरच्या रेझरला जो नियम, तोच त्या खाचेला. विचारण्यात संकोच वाटायचे कारण नाही; चांगला कारागीर उस्तरा जंतुनाशकात बुडवतो आणि ते समोर करतो.

हे पाकिटावर का लिहिलेले नसते?

ब्लेडच्या पाकिटावर ‘पुसू नये’ एवढे दोन शब्द छापायला जागा आहे. काही कंपन्या ते छापतातही, पण इंग्रजीत आणि भिंगातून वाचावे लागेल अशा अक्षरांत. रेझरच्या खोक्यात मात्र धातू कोणता, मुलामा कशाचा, आम्ल चालते की नाही, यातले काही सापडत नाही. पाचशे-हजार रुपयांच्या कुकरसोबत रबरी रिंग कधी बदलावी याची पुस्तिका येते; तेवढ्याच किमतीच्या रेझरसोबत चकचकीत खोके येते. जाहिरातीतला माणूस दाढी झाल्यावर गालावरून हात फिरवतो, रेझर धुताना कधी दिसत नाही. यात कट शोधायला नको. रेझर लवकर खराब झाला तर दुसरा खपतो, हे मात्र विकणाऱ्याला कळत नसेल असेही नाही. निदान ‘हा रेझर जस्ताच्या मिश्रधातूचा आहे, आम्ल लावू नये’ एवढी ओळ मराठीत आणि हिंदीत छापणे अवघड नाही. ग्राहकांनीही विकत घेताना ‘पितळेचा की झमॅकचा’ हे विचारायला शिकावे. दुकानदाराला उत्तर येत नसेल तर तेही एक उत्तरच.

जुने ब्लेड टाकायचे कुठे?

अमेरिकेत जुन्या घरांच्या बाथरूममधल्या आरशाच्या कपाटाला मागे एक फट असे. वापरलेले ब्लेड त्यात सरकवले की ते भिंतीच्या पोकळीत पडे. भिंत भरायच्या आत घर पडेल, असा हिशेब. आजही अशी घरे दुरुस्त करताना गवंड्यांच्या समोर गंजलेल्या ब्लेडचा ढीग कोसळतो. आपल्याकडची रीत अधिक वाईट. ब्लेड खिडकीच्या कठड्यावर ठेवले जाते, त्याने पेन्सिल तासली जाते, शिवण उसवली जाते, नखे कापली जातात आणि शेवटी ते कागदात गुंडाळून, किंवा न गुंडाळताच, ओल्या कचऱ्यात जाते.

तो कचरा पुढे कुणीतरी हाताने निवडते. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ पासून आहे. काच, सुया आणि ब्लेड यांनी हात कापणे हा या कामातला रोजचा धोका आहे. ज्या ब्लेडवर घरातल्या माणसाचे रक्त लागले असू शकते, ते उघड्या बोटात घुसते तेव्हा वर सांगितलेले सात दिवस आठवावेत.

उपाय फुकटचा आहे. पत्र्याचा पावडरचा किंवा कॉफीचा रिकामा डबा घ्यावा, झाकणाला ब्लेड आडवे सरकेल एवढी चीर पाडावी, झाकण चिकटपट्टीने कायमचे बंद करावे. दुधारी ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड. आठवड्याला एक टाकले तरी वर्षाला पन्नास-बावन्न, म्हणजे लहानसा डबाही कित्येक वर्षे पुरतो. डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. भरला की चीरही चिकटवून टाकावी, वर मोठ्या अक्षरांत ‘ब्लेड’ असे लिहावे आणि कचरा नेणाऱ्या ताईंच्या किंवा दादांच्या हातात देताना आत काय आहे ते सांगावे. डबाही पत्र्याचा, आतले पोलादही वितळवण्याजोगे, त्यामुळे काही भंगारवाले तो तसाच वजनावर घेतात.